घड्याळाच्या स्प्रिंगपासून नायटिनॉलपर्यंत: रूट कॅनालची फाइल आणि दाताची भिंत

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ शक्य तितके गाळलेत. सगळे गाळता आले नाहीत.)

तुमची किंवा घरातल्या कुणाची रूट कॅनाल झाली असेल, तर खुर्चीशेजारच्या ट्रेमध्ये, स्पंजच्या तुकड्यात टाचण्यांसारख्या टोचून ठेवलेल्या बारीक तारा तुम्ही पाहिल्या असतील. प्रत्येक तारेला प्लास्टिकची इवलीशी रंगीत मूठ. पांढरी, पिवळी, लाल, निळी, हिरवी, काळी. डॉक्टर एक उचलतात, दातात घालतात, बोटांत फिरवतात, काढतात, पुसतात आणि पुढची उचलतात. हिला म्हणतात फाइल. आपल्या सुताराकडे, लोहाराकडे असते ना, ती कानसच ही. फक्त केसाएवढी बारीक.

लाल मुठीच्या फाइलचं टोक 0.25 मिलिमीटर जाड असतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता, कानस म्हटली की ती घासणार, आणि घासलं की काहीतरी झिजणार. रूट कॅनालमध्ये काय झिजतं? तर डेंटिन. दाताचं बाहेरचं चकचकीत कवच म्हणजे इनॅमल. त्याच्या आत डेंटिन, आणि दाताचा बहुतेक भाग हाच. वजनाने साधारण 70 टक्के खनिज, 20 टक्के सेंद्रिय पदार्थ, त्यात मुख्यतः कोलॅजेन, आणि उरलेलं पाणी. खनिजामुळे टणकपणा, कोलॅजेनमुळे किंचित लवचीकता. दोन्ही असल्यामुळे आपण चिक्की फोडू शकतो. डेंटिनच्या मधोमध पोकळी असते, ती खाली मुळांमध्ये अरुंद कालव्यांसारखी उतरते. तिच्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू, पेशी. आपण सगळ्याला मिळून ‘नस’ म्हणतो. ही नस सडली की कालवे साफ करायचे, भिंती घासून जरा रुंद करायचे आणि गच्च भरून टाकायचे. झाली रूट कॅनाल.

पण मुळाची भिंत किती घासायची? कमी घासली तर जंतू राहतात. जास्त घासली तर भिंत पातळ होते. आणि मुळाला एकदा उभी चीर गेली की ते मूळ बहुधा वाचत नाही. दात एकमुळी असेल तर काढावाच लागतो. जो दात वाचवायला एवढा खटाटोप केला, तोच जातो. आजची गोष्ट या ओढाताणीची आहे.

सुरुवात पॅरिसपासून. ‘दात किडला’ हा शब्दप्रयोग आपण आजही वापरतो, कारण दातात खरोखरचा किडा असतो असं जगभर शतकानुशतकं मानलं जायचं. पिएर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्याने 1728 मध्ये दंतवैद्यकावरचा मोठा ग्रंथ छापला. त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, त्याला किडा काही दिसला नाही, आणि त्याने तसं लिहूनही टाकलं. सडलेली नस बाहेर काढायला तो बारीक टाचणीसारखं साधन वापरायचा. पण ते नुसतं उपसणं होतं. भिंत घासायचा विचार अजून दूर होता.

तो केला एडविन मेनार्डने. वॉशिंग्टनचा दंतवैद्य, साल 1838. त्याने घड्याळाची स्प्रिंग घेतली, घासून बारीक केली, तिला खाचा पाडल्या, आणि दाताच्या मुळात घालता येईल असं साधन बनवलं. रूट कॅनालच्या हातसाधनांचा इतिहास बहुतेक ठिकाणी इथूनच सुरू करतात.

थोडं विषयांतर. हा मेनार्ड बंदुकांसाठी जास्त प्रसिद्ध आहे! दिवाळीत टिकल्यांची गुंडाळी घालून वाजवायची पिस्तुलं आठवतात? कागदाच्या पट्टीवर ओळीने दारूचे ठिपके, घोडा ओढला की पट्टी एक घर पुढे. मेनार्डने 1845 मध्ये खऱ्या बंदुकीसाठी याच धर्तीची पट्टी पेटंट केली. पुढे त्याची कार्बाइन अमेरिकन यादवी युद्धात वापरली गेली. बारीक पोलाद, स्प्रिंगा, अरुंद नळ्या. माणूस एकच, हात एकच.

घड्याळाची स्प्रिंग निवडली यात मात्र मोठं शहाणपण होतं. तिला वाकता येतं. कारण दाताचं मूळ सरळ नसतं, आणि आतला कालवा तर त्याहून नसतो. तो किती सरळ नसतो हे दाखवलं झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी. त्यांनी अडीच हजारांहून जास्त दातांमध्ये व्हल्कनाइट म्हणजे कडक होणारं रबर भरलं, मग दात विरघळवून टाकले. उरले ते फक्त आतल्या पोकळीचे साचे. 1917 मध्ये हे काम छापून आलं. त्या साच्यांत फाटे, जाळ्या, चपट्या पट्ट्या, मुळाच्या टोकाशी फुटलेल्या फांद्या दिसतात. एखाद्या जुन्या वडाच्या पारंब्या पाहिल्यासारखं वाटतं. गोल, सरळ नळी क्वचितच. आणि आपण त्यात घालणार गोल, सरळ तार.

याच सुमारास आणखी एक भानगड झाली. 1910 मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने माँट्रिऑलला भाषण दिलं आणि तोंडातल्या दबलेल्या संसर्गावर अनेक आजारांचं खापर फोडलं. पुढची कित्येक वर्षं, विशेषतः अमेरिकेत, नस मेलेला दात म्हणजे शरीरातला विषाचा साठा असं मानून चांगले चांगले दात उपटले गेले. रूट कॅनालची सगळी विद्या मागे पडली.

तरी साधनं बनत होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतल्या केर कंपनीची फाइल आली. चौकोनी तार पिळून बनवलेली, म्हणून कडा आपोआप तयार. आजही तिला के-फाइल म्हणतात, तो ‘के’ केरचा. अडचण ही की प्रत्येक कंपनीचे नंबर वेगळे. एकाची तीन नंबर म्हणजे दुसऱ्याची कितवी, काही मेळ नाही. 1958 मध्ये जॉन इंगल आणि लेव्हाइन यांनी फिलाडेल्फियाच्या परिषदेत मांडलं की नंबर म्हणजे टोकाची जाडी असावी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 25 नंबर म्हणजे 0.25 मिलिमीटर. आणि टोकाकडून मुठीकडे जाताना दर मिलिमीटरला जाडी 0.02 ने वाढावी. पुढे जगाने हेच प्रमाण मानलं. तुमच्या डॉक्टरांच्या ट्रेमधले रंग त्याच व्यवस्थेतले.

आणि नेमकं इथेच डेंटिनचं दुखणं मोजता येऊ लागलं.

शाळेतलं विज्ञान जरा आठवा. गोल तारेची जाडी दुप्पट केली तर ती वाकवायला किती जोर लागतो? दुप्पट नाही. चौपटही नाही. सोळा पट! ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे 15 नंबरची पोलादी फाइल वळणातून छान वळते, पण त्याच धातूची 30 नंबरची टोकाशी तिच्या सोळा पट ताठ असते. ती वळण घेत नाही, सरळ व्हायला बघते. आणि दातात ती सरळ झाली तर वाट कोण देणार? डेंटिन.

फ्रँक्लिन वाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये हे डोळ्यांना दिसेल असं दाखवलं. पारदर्शक प्लास्टिकच्या ठोकळ्यांत वाकडे कालवे तयार केले आणि त्यांत फाइल चालवल्या. टोकाशी फाइल वळणाच्या बाहेरच्या बाजूला खात गेली आणि मध्ये आतल्या बाजूला. कालव्याला वाळूच्या घड्याळासारखा आकार आला: मध्ये कंबर, खाली परत रुंद. टोकाशी नळी फाटल्यासारखी झाली. नुसतं रुंदीकरण करायला गेलो आणि नदीने पात्रच बदललं.

आता हे आपल्या खालच्या दाढेत कल्पून बघा. खालच्या पहिल्या दाढेला साधारणपणे दोन मुळं: एक पुढचं, एक मागचं. पुढच्या मुळाची जी बाजू मागच्या मुळाकडे तोंड करून असते, तिथली भिंत एक मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही पातळ. आणि ताठ फाइल मधल्या भागात खाते ती नेमकी हीच बाजू. म्हणून 1980 मध्ये अबू-रास, फ्रँक आणि ग्लिक यांनी शिकवलं की फाइल मुद्दाम दुसऱ्या, जाड भिंतीकडे दाबून चालवा. या पातळ पट्ट्याला दंतवैद्यकात सरळ धोक्याचा पट्टा म्हणतात. हत्यार तेच, फक्त हाताचा कल बदलला. मला हा या इतिहासातला सगळ्यात कमी गाजलेला आणि सगळ्यात शहाणा बदल वाटतो.

मग धातूच बदलला. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या नाकासाठी मिश्रधातू शोधत होते. 1959 च्या सुमारास निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रणाकडे त्यांचं लक्ष गेलं. 1961 मध्ये एका बैठकीत त्याची घड्या घातलेली पट्टी सगळ्यांच्या हातून फिरत होती. एकाने पाइप पेटवायचा लायटर तिला लावला आणि पट्टी आपोआप सरळ झाली! निकेलचा नि, टायटॅनियमचा टाय आणि नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीची आद्याक्षरं मिळून नाव पडलं नायटिनॉल. आधी ते दंतवैद्यकात आलं ते ब्रेसेसच्या तारेतून. 1988 मध्ये हरमीत वालिया आणि सहकाऱ्यांनी त्याच ब्रेसेसच्या तारेतून 15 नंबरच्या फाइल कापून काढल्या. कापूनच, कारण हा धातू पोलादासारखा पीळ धरत नाही, सोडला की परत उलगडतो. त्या फाइल पोलादी फाइलच्या दोन-तीन पट लवचीक निघाल्या.

इतक्या लवचीक की आता त्या मोटरवर लावून वाकड्या कालव्यात गरगर फिरवता येऊ लागल्या. यंत्राची कल्पना नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॉस्टनच्या विल्यम रोलिन्सने दातात फिरणाऱ्या सुया यंत्राला लावल्या होत्या आणि त्या तुटू नयेत म्हणून वेग मिनिटाला 100 फेऱ्यांवर ठेवला होता. (हाच रोलिन्स पुढे एक्स-रे जिवावर बेतू शकतात हे गिनीपिगवर प्रयोग करून सांगणाऱ्या पहिल्या काहींपैकी एक. स्वभावच जपून वागायचा असावा.) नायटिनॉलमुळे नव्वदच्या दशकात यंत्र खऱ्या अर्थाने परत आलं.

कालवा सरळ करण्याचं दुखणं बरंच कमी झालं. पण नवं सुरू झालं. सगळं काम कमी फाइलमध्ये उरकावं म्हणून फाइल जास्त निमुळत्या केल्या. आता तो लाल मुठीचा आकडा काढा. जुन्या हिशेबाची 25 नंबरची फाइल टोकापासून 16 मिलिमीटरवर किती जाड? 0.25 अधिक 0.32, म्हणजे 0.57 मिलिमीटर. दर मिलिमीटरला 0.06 ने वाढणारी 25 नंबरची असेल तर? 1.21. दुपटीहून जास्त! टोक तेच, रंग तोच, पण वर हिरडीजवळ, जिथे चावताना जोर येतो, तिथे भोक दुप्पट मोठं.

तरीही सगळी भिंत घासली जाते असं नाही. हेसच्याच झुरिकमध्ये, 2001 मध्ये, ओव्ह पीटर्स आणि सहकाऱ्यांनी दात न कापता आतून बघणारं मायक्रो सीटी वापरलं. फाइल चालवण्याआधी स्कॅन, नंतर स्कॅन. कुठलीही पद्धत वापरा, भिंतीचा 35 टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाइलने शिवलाच नव्हता. एका बाजूला गरजेपेक्षा जास्त कोरलं, दुसऱ्या बाजूला स्पर्शही नाही. म्हणून उरलेलं काम द्रवांवर सोपवतात: ब्लीचमध्ये असतं ते सोडियम हायपोक्लोराइट, आणि 1957 पासून ईडीटीए. पहिलं सेंद्रिय पदार्थ विरघळवतं, म्हणजे घाणीबरोबर कोलॅजेनलाही लागतं. दुसरं कॅल्शियम ओढून घेतं. डेंटिनची दोन अंगं, दोघांना एकेक औषध. प्रमाण आणि वेळ चुकली तर भिंतीचा आतला थर मऊ पडतो, ते फाइलच्या खात्यात मांडून चालणार नाही.

आता घराघरात ऐकू येणारं वाक्य. ‘रूट कॅनाल केली की दात कोरडा होऊन ठिसूळ होतो, म्हणून कॅप लागते.’ याला आधार होता. 1972 मध्ये कुत्र्यांच्या दातांवरच्या अभ्यासात नस काढलेल्या दातांत पाणी 9 टक्के कमी भरलं होतं. वाळक्या लाकडाची उपमा सगळ्यांना पटली. मग 1992 मध्ये सेजली आणि मेसर यांनी फार साधी युक्ती केली. त्यांनी दातांच्या 23 जोड्या घेतल्या: रूट कॅनाल झालेला एक आणि त्याच माणसाचा दुसऱ्या बाजूचा तोच दात, नस जिवंत असलेला. रूट कॅनाल होऊन सरासरी दहा वर्षं झालेली. डेंटिनचा चिवटपणा, कातरण्याची ताकद, तुटायला लागणारा भार यांत ठळक फरक मिळाला नाही. कडकपणात फक्त 3.5 टक्क्यांचा.

मग दात तुटतात का? त्याचं उत्तर तीन वर्षं आधीच आलं होतं. 1989 मध्ये री, मेसर आणि डग्लस यांनी सुळ्यामागच्या लहान दाढांवर प्रयोग केले. रूट कॅनालच्या कामाने दाताचा ताठपणा सुमारे 5 टक्के कमी झाला. चावायच्या पृष्ठभागावर साधा खड्डा कोरला तर 20 टक्के. आणि दोन्ही कडांच्या भिंती फोडून आरपार खड्डा केला तर 63 टक्के. दात कोरडा पडला म्हणून कमकुवत होत नाही, भिंती गेल्या म्हणून होतो. वाड्याचं छप्पर भिंती पाडल्यावर खचतं, दमट-कोरड्याने नाही. कॅप लागते ती त्यामुळे. आणि ते नुकसान बहुतेक वेळा किडीने आधीच केलेलं असतं.

आता सगळ्यात वादाचं प्रकरण. 2009 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या शेमेश यांच्यासह बियर आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या दातांवर वेगवेगळ्या फाइल चालवल्या, मग मुळांचे आडवे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हाताने चालवलेल्या फाइलने चिरा नाहीत. मोटरवरच्या तीन प्रकारांत मात्र 16, 8 आणि 4 टक्के दातांत चिरा. खळबळ उडाली. मोटरची फाइल मुळाला तडे पाडते, आणि हे तडे पुढे वाढून दात फाटेल! त्यानंतर याच पद्धतीचे कितीतरी अभ्यास आले. प्रत्येक नवी फाइल आली की कोणीतरी दात कापणार आणि चिरा मोजणार.

2014 मध्ये ब्राझीलच्या गुस्ताव्हो दे-देऊस यांच्या गटाने तेच काम मायक्रो सीटीने केलं. फाइलच्या आधी आणि नंतर त्याच दाताचं स्कॅन, 65 हजारांहून जास्त काप-प्रतिमा. चिरा होत्या. पण नंतर दिसलेली प्रत्येक चीर आधीच्या स्कॅनमध्येही होती. फाइलने एकही नवी पाडलेली नव्हती.

मग आधीच्या लोकांना काय दिसलं? पहिला संशय करवतीवर. पण थांबा, हे इतकं सोपं नाही. बियर यांच्या अभ्यासात फाइल न लावलेले दातही कापले होते आणि त्यांत चीर नव्हती. करवतच दोषी असती तर तिथेही दिसायला हवी होती. मग युक्तिवाद असा झाला: फाइलने भिंत पातळ केली, आणि पातळ भिंत करवतीला आणि सुकण्याला लवकर बळी पडली. शिवाय काढलेला दात मुळात चिमट्याने हिसडून काढलेला असतो, महिनोन् महिने बाटलीत राहिलेला असतो. आणि एकदा कापला की ‘आधी’ कसा होता हे कळायचा मार्गच उरत नाही. पुढे दान केलेल्या मृतदेहांच्या जबड्यात, दात हाडात असतानाच प्रयोग झाले. फाइलमुळे नव्या चिरा पडतात याला तिथेही बळ मिळालं नाही. उलट बाजूचे म्हणतात, स्कॅनला साधारण 14 मायक्रॉनपेक्षा बारीक काही दिसत नाही, त्याखालच्या चिरांचं काय? बरोबर आहे. पण माझं मत विचाराल तर, ज्याने तोच दात आधी आणि नंतर पाहिला, त्याच्या शब्दाला मी जास्त वजन देईन.

याचा अर्थ फाइल निर्दोष सुटली असा नाही. तडा नाही पाडला तरी भिंत तिनेच खाल्ली. म्हणून गेल्या पंधरा वर्षांत वारं उलटं फिरलंय. 2010 मध्ये क्लार्क आणि खादेमी यांनी हिरडीच्या पातळीच्या थोडं वर आणि थोडं खालचं डेंटिन जपा असं आग्रहाने मांडलं. दाताच्या माथ्यावरचं भोक लहान, फाइल कमी निमुळत्या, उष्णतेने संस्कार केलेला आणखी मऊ नायटिनॉल. काही जण तर इतकं लहान भोक पाडतात की आत बघायलाच त्रास. त्याने दात खरंच जास्त मजबूत राहतो का, यावर प्रयोगशाळांचं एकमत नाही, आणि आतली घाण राहून गेली तर मजबूत भिंत घेऊन करायचं काय, हा प्रश्न फोशारच्या टाचणीइतकाच जुना.

पुढच्या भागात रूट कॅनाल करताना तोंडावर ताणतात त्या रबराच्या चादरीबद्दल. 1864 ची गोष्ट आहे, सॅनफर्ड बार्नम नावाच्या दंतवैद्याची. तोवर, डॉक्टरांच्या ट्रेमधली लाल मूठ दिसली तर ती कितीने निमुळती आहे ते विचारून बघा. तोंड उघडं असताना नको, आधी विचारा.